घसारा

मार्च संपत आलेला.
गांधीबागेतल्या माझ्या माळ्यावर
कुलरला अजून वाळा भरलेला नाही.
गुलाबराव उईके खताच्या पिशवीतून
बिलं काढतात, पावत्या काढतात,
आणि मग एक निळं पुस्तक. पासपोर्ट.
"याचा हाय जी. घोड्याचा."

नाव: फायनल ऑफर.
रंग: बे.
"म्हणजे नागपूरचाच वाटते, बे!"
स्वतःच्याच विनोदावर गुलाबराव
खोकला येईपर्यंत हसतात.

बाप, बापाचा बाप आयर्लंडचा,
आई, आईची आई, तिची आई,
एका पानावर पाच पिढ्या टंकलेल्या.
मला माझ्या पणजीचं नाव सांगता येणार नाही.

वर्षाचा होता तेव्हा पुण्याकडच्या लिलावात
बावीस लाख.
मग ट्रेनर, डॉक्टर, मोतद्दार,
परदेशी ओट, पोहायचा हौद, विमा.
शर्यतीत पाठीवर एक जॉकी दिसतो,
न दिसणारे चाळीस जण
त्याच पाठीवर बसून जेवत असतात.
दोनदा जिंकला. नऊदा हरला.
मग पुढच्या डाव्या पायाची शीर गेली
आणि त्या महिन्यात नव्वद हजार झाला.
नागपुरात ट्रकमधून उतरला तेव्हा
पंचावन्न. भाडं वेगळं.

पेपरात आकडे येतात अधूनमधून:
उद्योग वाढतो आहे,
लिलाव वाढले, बक्षिसं वाढली,
पैजेवरचा कर तर वाढलाच वाढला.
सीताबर्डीच्या टपरीवर माझा दीर
हातातल्या फोनकडे बघून ओरडतो, मग गप्प होतो.
त्याचं गप्प होणं
मी दरवर्षी 'किरकोळ खर्चा'त घालते.

"मॅडम, एक विचारू का?
मांडवाच्या पायपाला घसारा लागते,
जनरेटरले लागते.
घोड्याले काऊन नाही लागत?"

मी पुस्तक उघडून दाखवते.
जनावराला घसारा नाही.
ते मेलं, किंवा कायमचं निकामी झालं,
तरच त्याची किंमत खर्ची टाकता येते,
मढ्याचे आलेले पैसे वजा करून.

गुलाबराव पंख्याकडे बघत बसतात.
"कायमचं निकामी म्हंजे किती, मॅडम?
पुण्यावाल्यांनी तर
तसंच लिहून देलं होतं."

मग सांगतात, न विचारता.
इतवारीत वरात होती, रात्रीचे साडेनऊ.
नवरदेव वर, पुढ्यात फेट्यातला लहान पोरगा,
पायांना मेंदी, गळ्यात पितळी घुंगरं,
बँड पान खायला थांबलेला.
एका सराफानं तपासायला
दुकानाचं शटर धाडकन वर केलं.
"आन् हा आवरला बघा, असा.
कान उभे. मान खाली.
सुटला!
मी लगामाले लोंबकळलो.
पोरगा किंचाळला. नवऱ्याची तलवार पडली."

आणि?

"आन् काय. चार पावलं.
मग थांबला स्वतःच.
इकडं पायलं. तिकडं पायलं.
बाजूले दुसरा घोडाच नाही ना जी.
एकट्यानं कोणासंगं पळन?"

खाली हातगाडीवाला संत्री ओरडतो.
मी कॅल्क्युलेटर पुसून घेते, उगाच.
नाल: हनीफ नालबंद, आठशे, दर दीड महिन्याला.
चणे, कडबा, झूल धुणे.
वराती अडतीस, त्यातल्या दोन उधार.
इतवारीच्या पार्टीनं पाचशे कापले,
कारण: घोडा बिचकला.
"तसं लिहू नका," गुलाबराव म्हणतात.
"बिचकला नाही तो."

कारणाच्या रकान्यात
मी पेन टेकवून थांबते.
चार पावलांसाठी
आमच्या नमुन्यात शब्द नाही.
शेवटी 'इतर' लिहिते.

ते पासपोर्ट पुन्हा पिशवीत ठेवतात,
चण्याच्या पावत्यांमध्ये, नीट, सरळ.
जिन्यात थांबून विचारतात,
पुढच्या सालीही हाच घोडा दाखवायचा
का किंमत कमी करायची.

हाच, मी म्हणते. तेवढ्यालाच.
पंचावन्न हजार.